चिकणमाती आणि धडधड

आज फोंड्यात चिंतेच्या त्रासासाठी मातीकामाचं सत्र झालं. प्रत्येकी अर्धा किलो चिकणमाती, वाटीभर पाणी. आधी 5 मिनिटं श्वास: 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर. भराभर घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून गरगरतं. मग डोळे मिटून गोळा मळायचा. गणपती घडवायचा नाही! सुबकपणाच्या नादात परीक्षा सुरू होते, धडधड परत येते.

नुसत्या मातीने मात्र भागत नाही. बसची भीती असेल तर आधी स्टँडवर थांबायचं, मग एक थांबा, मग पणजीपर्यंत. भीती चढताच उतरलं, तर पळ काढल्यामुळेच वाचलो असं मन शिकतं. पुढची खेप आणखी जड जाते.

झोप, काम बिघडलं असेल तर बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस 14416 आहे. मदत मागायला कृपया थांबू नका.