मारले, पण तसे नाही

सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला गेलो की कोणी ना कोणी गाठतोच. "काका, तुम्ही पाणबुडीत होते ना? मग टॉर्पेडो मारला का कधी?" लग्नाच्या पंगतीत तेच, मेहुण्याच्या वास्तुशांतीत तेच. आधी मी "मारले की" म्हणायचो, समोरच्याचे डोळे चमकायचे, आणि मग मला "सरावाचे हो" असं जोडावं लागायचं. त्या शब्दावर माणूस कसा विझतो ते पंधरा वर्षं पाहून राहिलो आहे. एकाने तर तोंडावरच विचारलं, "म्हणजे खरा एकही नाही?" जसं काही वीस वर्षं मी सरकारी पगारावर पतंग उडवले.

तर एकदाचं लिहून टाकतो.

सिनेमात टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारा बॉम्ब, जहाजाच्या कुशीत घुसतो. आजचा जड टॉर्पेडो जहाजाला शक्यतो शिवतही नाही. तळाखाली जाऊन फुटतो. वायूचा मोठा फुगा जहाजाला मधून वर उचलतो, आणि फुगा बसला की तेच जहाज मधल्या आधाराशिवाय लोंबतं. कणा तिथे मोडतो. 1999 च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या फार्नकॉम्ब पाणबुडीने टॉरेन्स नावाच्या निवृत्त, रिकाम्या जहाजाखाली अमेरिकी बनावटीचा मार्क 48 असाच फोडला. जहाज मधोमध उचललं गेलेलं, वर पाण्याचा डोंगर, तो फोटो आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी पाहिला आहे. मी कौतुकाने पाहिला. खोटं कशाला बोलू?

वेग विचारू नका. पुतण्या इंटरनेटवरून आकडे काढतो आणि माझ्याशी भांडतो. अमेरिकी नौदल मार्क 48 बद्दल जाहीरपणे एवढंच सांगतं: वेग 28 नॉटपेक्षा जास्त, पल्ला 8 किलोमीटरपेक्षा जास्त. किती जास्त, ते नाही. मीही तेवढंच सांगतो. आपल्या भारतीय वरुणास्त्र टॉर्पेडोचा 40 नॉट आकडा छापून आलेला आहे, म्हणजे ताशी 74 किलोमीटर. वर्धा रोडवर या वेगाने गाडी गेली तर कोणी मान वळवणार नाही. पण हे धूड दीड टनाचं, त्यात अडीचशे किलो स्फोटक, आणि आजूबाजूला हवा नाही, पाणी आहे.

माझा जीव मात्र वायरीत होता. पाणबुडीतून सोडलेल्या टॉर्पेडोमागे एक बारीक वायर सुटत जाते, तिच्यावरून आम्ही त्याला वळवतो. नागपूरच्या माणसाला हे संक्रांतीमुळे लगेच कळतं, फक्त इथे चक्र्या दोन: एक आमच्याकडे, एक खुद्द पतंगातच. दोन्हीकडून मांजा सुटतो, म्हणून पाण्यातली वायर ओढली जात नाही, जागच्या जागी पडून राहते. तरी पाणबुडीने वेडीवाकडी वळणं घेतली की वायर तुटते, ओ काट! मग टॉर्पेडो स्वतःच्या कानांवर पुढे जातो. आवाज सोडतो, प्रतिध्वनी ऐकतो, जवळ गेला की जास्त वेळा सोडतो. पतंगाचं आठवलं म्हणून तो टोमणा मला फार लागला असावा.

आता ते, जे पंगतीत सांगता येत नाही.

नागपूरच्या महाल भागातला माझा एक दोस्त आणि मी चिल्काला नौदलाच्या ट्रेनिंगला एकाच डब्यातून गेलो होतो. तो पुढे जहाजावर सोनारला, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर, गेला, मी पाणबुडीत शस्त्रांकडे. निवृत्तीच्या काही वर्षं आधी एका सरावात आमचं लक्ष्य त्याचं जहाज होतं. सरावाच्या टॉर्पेडोत स्फोटकाच्या जागी नोंदी घेणारी यंत्रं असतात, जहाजाच्या तळाच्या बऱ्याच खालून जाईल अशी खोली बांधलेली असते, धाव संपली की तो वर तरंगतो आणि बोट त्याला उचलून आणते. धोका जवळपास नाहीच. कन्सोलवर मी होतो. वायर शेवटपर्यंत टिकली. जहाज वळलं, मी वळवला. पुन्हा वळलं, पुन्हा वळवला. शेवटी त्याला त्याच्या कानांवर सोडलं आणि तो बरोबर खालून गेला. हिट. कॅप्टनने पाठ थोपटली. त्या रात्री मी टॉर्पेडोंच्या शेजारच्या माझ्या बंकवर गाढ झोपलो.

चार दिवसांनी बंदरात कँटीनमध्ये तो भेटला. चिडलेला वगैरे नव्हता. म्हणाला, "हेडफोन माझ्या कानाला होता बे. सगळे चहा पिऊन राहिले होते, मला एकट्याला ऐकू येऊन राहिलं होतं. मी ओरडलो, जहाज वळलं, तर तोही वळला. मग ते टिंग टिंग जवळजवळ यायला लागलं. रिकामा आहे हे मला माहीत होतं ना? तरी मी पाय उचलून खुर्चीवर घेतले."

त्यावर मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "वायर टिकते का नाही याचंच मला टेन्शन होतं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हो. चांगला मारला."

9 डिसेंबर 1971, दीवजवळ, आयएनएस खुकरी टॉर्पेडोने बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. हे मला पाठ होतं. पण ट्रेनिंगमध्ये ती लढाई शिकताना मी नेहमी पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीच्या बाजूने गणित मांडायचो: अंतर किती, कोन कोणता, थांबली किती वेळ. शत्रूची असली तरी धंदा माझाच होता. खुकरीच्या सोनारवर कोण बसलं होतं, त्याच्या कानात काय आलं असेल, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा त्या कँटीनमध्ये आलं.

निवृत्तीनंतर एका शाळेत 15 ऑगस्टला मी भाषण ठोकलं, की शस्त्र वापरावं न लागणं हेच त्याचं यश. टाळ्या पडल्या. घरी येताना लाज वाटली. 1999 ला कारगिल चालू होतं तेव्हा आम्ही समुद्रात होतो आणि ऑर्डर यावी असं मला मनापासून वाटत होतं. आली नाही तेव्हा मी चिडलो होतो. तेव्हाच्या त्या पोराला, म्हणजे मलाच, आज मी काय समजावू? तो म्हणेल, तयारी केली ती कशासाठी? बरोबरच म्हणेल. आणि खरं सांगायचं तर त्या सरावाच्या हिटचा अभिमान मला आजही आहे. दोन्ही आहे. तुम्हाला एकच उत्तर पाहिजे असतं, त्याला मी काय करू?

दोस्तही आता नागपुरातच असतो. रविवारी आम्ही तर्री पोहे खायला जातो, तो विषय काढत नाही. मागच्या आठवड्यात बाजूच्या टेबलावरच्या पोराने मला ओळखलं आणि विचारलंच, "काका, तुम्ही खरंच टॉर्पेडो मारला का?"

मी तोंड उघडायच्या आत दोस्त म्हणाला, "मारला ना. मलेच मारला यानं."

पोरगं हसलं. दोस्तानं प्लेट पुढे करून आणखी तर्री मागितली.