बाह्यग्रहाचं आवरण किती टिकतं : गणिताची तिसरी नोंद

मंडळी, मागच्या नोंदीतला काल्पनिक बाह्यग्रह (दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह) या वेळी अखेर उघडा पडला. पृथ्वीच्या पाचपट वस्तुमान, अडीचपट त्रिज्या, सूर्यासारख्या ताऱ्यापासून ०.१ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराचा दहावा भाग) अंतर आणि वर वस्तुमानाच्या १ टक्का हायड्रोजन-हीलियमचं आवरण. दहा कोटी वर्षांत ते जवळजवळ सगळं गेलं.

आधी हे का दिसत नव्हतं ते सांगतो, कारण ही चूक कुणाच्याही हातून सहज होईल. मी ताऱ्याची क्ष-किरण तेजस्विता आजच्या सूर्याची धरली होती, साधारण १०चा २०वा घात वॅट. पाच अब्ज वर्षं गणित चालवूनही ग्रहाने वस्तुमानाचा जेमतेम ०.०१ टक्का गमावला. पण तारा जन्मापासून इतका शांत नसतो. तरुणपणी तो स्वतःभोवती झपाट्याने फिरतो, त्यातून त्याचं चुंबकीय क्षेत्र जोर धरतं, प्रभामंडल (ताऱ्याचं सर्वांत बाहेरचं विरळ वातावरण) प्रचंड तापतं आणि एकूण ऊर्जेचा साधारण हजारावा हिस्सा क्ष-किरणांत बाहेर पडतो. म्हणजे आजच्या जवळपास चार हजार पट!

सूत्र तेच ठेवलं. ग्रहावर पडणाऱ्या क्ष-किरण ऊर्जेपैकी १० टक्के वायू उचलून बाहेर फेकण्यात खर्ची पडते असं धरायचं. त्रिज्येचा घन अंशात, वस्तुमान छेदात. उत्तर आलं सेकंदाला ८६,००० टन. दहा कोटी वर्षांनी गुणल्यावर ०.९ टक्के. त्या रात्री मी तीनदा एककं तपासली.

क्ष-किरण ग्रहाच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाहीत. ते वरच्या विरळ थरांतच शोषले जातात, अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात आणि ते इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या वायूवर आदळून त्याला हजारो अंश तापवतात. मग तो वायू फुगतो आणि वाऱ्यासारखा वाहून जातो. याच कामात टोकाच्या अतिनील किरणांचाही मोठा वाटा आहे, पण दूरच्या ताऱ्यांचे ते किरण वाटेतला हायड्रोजन बहुतांशी गिळून टाकतो. म्हणून क्ष-किरण मोजून त्यांचा अंदाज बांधावा लागतो. माझ्या आकड्यात ते अजून धरलेले नाहीत, तेव्हा गळती याहून जास्तच असणार.

पडताळणीसाठी एचडी १८९७३३ बी हा खराखुरा बाह्यग्रह घेतला. गणितातून आले सेकंदाला सुमारे ८,७०० टन. हबलच्या निरीक्षणांवरून काढलेला आकडा किमान १,००० टनांचा आहे. माझ्यासारख्या साध्या गणिताला एवढी जवळीक पुरे. या ग्रहाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. एप्रिल २०१०मध्ये तो ताऱ्यासमोरून गेला तेव्हा हबलला निसटणाऱ्या हायड्रोजनचा मागमूस लागला नाही. सप्टेंबर २०११मध्ये मात्र तो स्वच्छ दिसला, आणि त्या अधिक्रमणाच्या सुमारे ८ तास आधी स्विफ्ट दुर्बिणीने त्याच ताऱ्यावर क्ष-किरणांची ज्वाला टिपली होती! एकाच जोडीवरून कार्यकारणभाव ठरत नाही, तारकीय वारा, म्हणजे ताऱ्यातून वाहणारा कणांचा झोतही बदललेला असू शकतो. तरी त्या दोन आलेखांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो.

हा ग्रह गुरूहून थोडा जड आहे. इतकी गळती असूनही एक अब्ज वर्षांत त्याचा ०.०१३ टक्काच जातो. खरा फटका लहानग्यांना. केप्लर अवकाश दुर्बिणीने शोधलेल्या ग्रहांच्या त्रिज्या २०१७मध्ये काटेकोर काढल्या, तेव्हा पृथ्वीच्या दीड ते दोनपट या पट्ट्यात ग्रह विरळ आढळले. आवरण उडून गेलेले अलीकडे, टिकवून ठेवलेले पलीकडे, असा त्याचा एक अर्थ लावतात. गाभ्याच्या उरलेल्या उष्णतेनेही आवरण जाऊ शकतं, हा दुसरा. मला तोही तितकाच तोलामोलाचा वाटतो.

आता पुढचं काम. मी त्रिज्या स्थिर धरली, हे खरं नाही. कोवळा ग्रह जास्त फुगलेला असतो, म्हणजे सुरुवातीची गळती मी कमी धरली. नंतर आवरण घटतं तसा तो आकसतो, म्हणजे शेवटची जास्त. दोन्ही चुका एकमेकींच्या उलट दिशेला ओढतात, पण फिटतात का हे पाहायचंय. काल त्रिज्या टप्प्याटप्प्याने कमी करत पहिली फेरी चालवली. ती पृथ्वीच्या १.६ पटीवर आली तेव्हा गळती जवळपास चौथ्या हिश्शावर उतरली होती आणि आवरणाचा पातळसा थर अजून शिल्लक होता.