कार्मेल मॉलमधली दुपार

आज अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या कार्मेल मॉलमध्ये गेले होते. सोमाली दुकानांनी गजबजलेली जागा. एका दुकानात मावशी फोन टेकवून टिकटॉकवर लाइव्ह बोलत होत्या. ‘दिरा’, म्हणजे सोमाली बायकांचा पायघोळ झगा, त्याचं झिरझिरीत कापड कॅमेऱ्यासमोर धरायचं, किंमत सांगायची, मध्येच कुणाच्या तरी आईची खुशाली विचारायची.

लाइव्ह संपल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवरचा आवाज ऐकवला. नैरोबीतल्या बहिणीने भाचीच्या लग्नासाठी रचलेलं बुरांबुर, म्हणजे बायकांनी रचायचं, तालावर म्हणायचं काव्य. इथेच जन्मलेली त्यांची मुलगी त्या ओळी पुन्हा पुन्हा लावून पाठ करतेय. ऐकताना मला आजीच्या ओव्या आठवल्या, डोळे भरून आले.

सोमालीला अधिकृत लिपी मिळाली 1972 मध्ये. त्याआधी काव्य तोंडपाठच राहायचं, पुढे कॅसेटवरून फिरायचं. 1991 मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, यादवीत घरं देशोदेशी विखुरली. आता तेच काव्य फोनमधून फिरतं.

'फोनमुळे ही माणसं आपल्यातच राहतात', हे मी इथे बरेचदा ऐकते. मला ते अजिबात पटत नाही. बर्फामुळे शाळा बंद, लायसन्सची परीक्षा, मतदान, सगळं मावशींना फोनवरच्या ग्रुपवर सोमालीत कळतं. कुळाकुळांतली भांडणंही ऑनलाइन पेटतात, त्याचा त्यांना फार त्रास होतो. ऑगस्ट 2023 मध्ये सोमालिया सरकारने टिकटॉकवर बंदी जाहीर केली, तेव्हा त्या घाबरल्या होत्या. मोगादिशूतली नातवंडं त्यांना तिथेच तर दिसतात!