स्पायडर की पेस्टल?

“मान जरा डुलते एवढंच मामा, पण रंगाला तोड नाही,” असे म्हणत भाच्याने आज सांगलीच्या विश्रामबागमध्ये मोबाईल पुढे केला.

पडद्यावर ‘स्पायडर’ रंगप्रकारातला बॉल पायथन जातीचा अजगर होता. सोनेरी अंगावर काळ्या रेषांची सुरेख जाळी, पण उंदरावर झेपावताना त्याचे डोके मळसूत्रासारखे फिरले आणि नेम चुकला.

देशी साप पाळण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई असल्याने (नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको) आफ्रिकेतील हा अजगर रीतसर परवाने काढून वाढवावा, असा त्याचा बेत आहे. मात्र जे जनुक ही नक्षी देते तेच तोल बिघडवते, आणि साध्या मादीशी जोडी लावली तरी सरासरी निम्म्या पिल्लांत ते उतरते.

याच अजगराच्या ‘पेस्टल’ या दुसऱ्या रंगप्रकारात ही व्याधी येत नाही. मग तो निवडला तर असा किती तोटा होणार आहे?