फॉर्म चारची सर्वांत खालची ओळ

रुग्णालयात माणूस गेला की डॉक्टर एक फॉर्म भरतात. फॉर्म चार. त्याच्या पहिल्या भागात तीन ओळी असतात: वरच्या ओळीत मृत्यूचं शेवटचं कारण, मधल्या ओळीत ते कशामुळे उद्भवलं, आणि सर्वांत खाली हे सगळं ज्या आजारापासून सुरू झालं तो आजार. देशाच्या आकडेवारीत मोजला जातो तो हा खालचा आजार. ‘हृदय बंद पडलं’ असलं काही लिहू नका, अशी सूचना फॉर्मवरच छापलेली आहे, कारण हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं.

मी पीएसएमची, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राची डॉक्टर. गोव्यातल्या एका रुग्णालयात हे फॉर्म तपासणं, कारणांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे कोड लावणं आणि इंटर्नना ते भरायला शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. अनेकांना हे कारकुनी वाटतं. मला ते निदानाइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि का वाटतं ते एका दिवसाच्या हकिगतीतून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पावसाळा नुकताच लागला होता. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून तिशीचा एक तरुण रेकॉर्ड रूममध्ये आला. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. हातात प्लास्टिकची पिशवी आणि आईच्या फॉर्मची प्रत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं बंधनकारक झालं. पूर्वी कुटुंबाच्या हाती यायचा तो मृत्यूचा दाखला, आणि त्यावर कारण नसतंच. म्हणजे काही वर्षांपूर्वी हा मुलगा माझ्यासमोर आलाच नसता.

“मॅडम, ह्यात कॅन्सर कुठे लिहिलाय?”

मी पाहिलं. पहिली ओळ, सेप्टिसेमिया, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. दुसरी, आतड्याला छिद्र पडून झालेला पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह. तिसरी ओळ कोरी. वय ५२.

“काका म्हणतात, कॅन्सर असता तर कागदावर आला असता. तुम्हांला उगाच घाबरवलं. आम्ही केमोला नको म्हटलं होतं, मॅडम. आईच नको म्हणाली. आता कॅन्सर नव्हताच तर मग ती कशाने गेली? आणि होता तर इथे का नाही?”

त्याला बसवलं, चहा मागवला आणि पिशवीतले कागद टेबलावर मांडले. दुसऱ्या एका रुग्णालयातला कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट: मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड भागात गाठ, दुर्बीण पुढे सरकत नाही. बायोप्सी: अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोगच. सीटी स्कॅन: यकृतात डाग. सगळं स्वच्छ, तारखांसकट. ज्या रात्री १०८ ची गाडी तिला आमच्याकडे घेऊन आली, त्या रात्री ही पिशवी घरातल्या कपाटात राहिली. सोबत आलेल्या शेजाऱ्याने ‘पोटाचं जुनं दुखणं’ एवढंच सांगितलं. पोट लाकडासारखं कडक, रक्तदाब लागत नाही. ऑपरेशनची तयारी होईपर्यंत ती टिकली नाही.

त्या रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला मी बोलावून घेतलं. तो रेसिडेंट बिचारा दारातच थबकला. नातेवाईक बसलेला दिसला की आमची मुलं आधी भांडणाची तयारी करतात. “मॅडम, मला जे दिसलं तेवढंच मी लिहिलं,” तो म्हणाला. खरंच होतं ते. मी बायोप्सीचा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, छिद्र पडलं, पण ते का पडलं? त्याने वाचलं, मग त्या मुलाकडे वळून स्वतःच समजावू लागला: गाठीमुळे आतड्याचा रस्ता बंद होत जातो, वरचा भाग फुगतो, भिंत पातळ होते आणि एक दिवस फाटते. कॅन्सर होता. केमो घेतली असती तरी यकृतापर्यंत गेलेला आजार पूर्ण बरा झाला असता असं कुणीही छातीठोकपणे सांगितलं नसतं. आईने निर्णय घेतला तो सगळं ऐकून घेतला. हे तो इतक्या नीट बोलला की मला मध्ये पडावं लागलं नाही.

मग त्याने दुरुस्तीचं पत्र लिहिलं. तिसऱ्या ओळीत: सिग्मॉइड कोलनचा कर्करोग, यकृतात पसरलेला.

एका ओळीने काय फरक पडतो ते सांगते. तिसरी ओळ कोरी राहिली असती तर या बाईंचा मृत्यू ‘के-६३.१’ या कोडखाली गेला असता, आतड्याचं छिद्र, पचनसंस्थेचे आजार. ती भरल्यावर तो ‘सी-१८.७’ झाला. जगभरातले आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यूदर, नकाशे, चढ-उताराचे आलेख यांच्या मुळाशी अशाच नोंदी असतात. जिथे त्या विरळ आहेत तिथे अंदाज बांधावे लागतात.

हे नकाशे मी इंटर्नना मुद्दाम दाखवते. मोठं आतडं आणि गुदाशय मिळून हा कर्करोग जगातल्या कर्करोगाच्या मृत्यूंमध्ये फुप्फुसानंतर दुसरा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला १९ लाखांवर नवे रुग्ण आणि ९ लाखांवर मृत्यू. पण तो सगळीकडे सारखा नाही. हंगेरी, स्लोव्हाकिया अशा पूर्व आणि मध्य युरोपातल्या देशांत मृत्यूदर फार चढा. अमेरिकेत १९७० पासूनच्या पन्नास वर्षांत दर निम्म्याहून खाली आला: धूम्रपान कमी झालं, उपचार सुधारले, आणि मुख्य म्हणजे कोलोनोस्कोपीत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचे छोटे कोंब, सापडले की ते तिथेच काढले जाऊ लागले. साध्या पॉलिपचा कर्करोग व्हायला सहसा दहाएक वर्षं लागतात. इतकी मुदत देणारे कर्करोग थोडेच.

पण त्याच अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात हा उतार फारसा पोचला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथला मृत्यूदर बाकीच्या देशापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त निघाला. गरिबी, लांबचे दवाखाने, तपासणीचा अभाव. अॅपलेशियाच्या डोंगराळ भागातही अशीच गत, जरा सौम्य. एका देशातल्या एकाच आजाराचे हे दोन नकाशे पाहिले की मृत्यूदर नुसत्या आजारावर ठरत नाही हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे हा आजार कमी आहे हे खरं. भारतात नव्या रुग्णांचा वयानुसार प्रमाणित दर लाखामागे पाचच्या आसपास, पाश्चात्त्य देशांत त्याच्या कितीतरी पट. पण जितक्यांना होतो त्यांच्यातले किती जातात ते पाहा. अमेरिकेत वर्षाचे मृत्यू नव्या रुग्णांच्या साधारण एक तृतीयांश. आपल्याकडे निम्म्याहून जास्त. कोलनच्या कर्करोगात निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरियात सत्तर टक्क्यांवर, भारतात चाळीसच्या आत. त्यामुळे ‘आपल्याकडे मृत्यूदर कमी’ हे वाक्य मी वर्गात कुणाला एकटं सोडू देत नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. २०२० मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. गोवा या बाबतीत देशात आघाडीवर. इथे जवळपास प्रत्येक नोंदीला वैद्यकीय कारण जोडलेलं असतं. मला त्याचा अभिमान आहे, आणि म्हणूनच कोरी तिसरी ओळ मला सहन होत नाही. ज्या राज्यात कारण लिहिलंच जात नाही तिथे तो कर्करोग कमी दिसणार आणि आमच्याकडे जास्त. शिवाय गोव्यात वयस्क माणसं अधिक: २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे ११.२ टक्के, बिहारमध्ये ७.४. वयाचा हा फरक वजा केल्याशिवाय दोन राज्यांची तुलना मांडणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं नाही, अर्थात. त्याचा पुढचा प्रश्न वेगळाच होता.

“पण आईला का झाला? ती दारूला कधी शिवली नाही. सोमवार-गुरुवार नुस्तं, मासळीसुद्धा नाही. चोरीस आमच्या घरात येत नाही.”

दारू आणि प्रक्रिया केलेलं मांस यांचा या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, आणि आमच्या लाडक्या चोरिसाचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोव्याच्या सॉसेजचा, समावेश त्यातच होतो. पण हा प्रश्न कानावर पडला की मी दुसरीकडे वळते. विचारलं, आईच्या माहेरी कुणाला काही?

थोरला मामा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. “जलोदर झाला होता म्हणतात. पोट फुगलं होतं. घरीच गेला.” मावशीचं गर्भाशय अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काढलं. का? “कॅन्सर होता, पण सुरुवातीचा. ती बरी आहे.” आजोबा? “तरुणपणीच गेले. पोटाच्या दुखण्यानेच.”

रेसिडेंटने माझ्याकडे पाहिलं. त्याच्याही डोक्यात तेच आलं होतं. एकाच रक्ताच्या माणसांत मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, तोही पन्नाशीच्या आगेमागे, म्हणजे लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचा विचार करायलाच हवा. त्यात, पेशीविभाजनात डीएनएच्या नकलेत ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक जन्मतःच बिघडलेलं असतं. आतड्याच्या शंभर कर्करोगांत तीनेक असे निघतात. आई किंवा वडिलांपैकी एकात तो दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. आणि अशा माणसांत पॉलिप दहा वर्षं थांबत नाही, फार लवकर बिघडतो. म्हणून त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून, दर एक-दोन वर्षांनी करायची असते.

मामाच्या नोंदीत काय असेल ते मी शोधायला गेले नाही. घरी झालेला जुना मृत्यू. ‘जलोदर’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ असंच काहीतरी असणार. पण त्याचं खरं कारण त्या वेळी कुणी लिहून ठेवलं असतं, तर त्याच्या बहिणीला, म्हणजे या मुलाच्या आईला, पन्नाशीत शौचातून रक्त गेलं तेव्हा कुणीतरी दचकलं असतं. ती दोन वर्षं मूळव्याधीची औषधं घेत राहिली. पाळी गेलेली होती आणि हिमोग्लोबिन सातवर आलं होतं, तरी हातात लोहाच्या गोळ्याच पडल्या. पाळी थांबलेल्या बाईच्या अंगातलं रक्त कमी होत असेल तर ते जातं कुठे, हे शोधलंच पाहिजे. हा नियम नवा नाही, महागही नाही.

आपल्या राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात तपासणी आहे ती तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. मोठं आतडं त्यात नाही. डेन्मार्क आणि नेदरलँड्सनी २०१४ मध्ये घरोघरी शौचातलं अदृश्य रक्त तपासण्याचे किट पाठवायला सुरुवात केली. भारतभर तसं करावं असं मी म्हणत नाही. आपला दर कमी आहे आणि दुर्बीण हाताळणारे हातही थोडे. पण रक्त जाणाऱ्या प्रत्येकाची हातमोजा घालून गुदतपासणी व्हावी आणि अशा कुटुंबांचा माग काढावा, यासाठी कुठल्याही योजनेची वाट पाहायची गरज नाही. या बाईंची गाठ बोटाला लागली नसती, ती वर होती. पण आपल्याकडच्या अनेक रुग्णांत आजार गुदाशयातच असतो, आणि तरी ही तपासणी टाळली जाते. लाजेपोटी, घाईपोटी.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन कामं झाली. बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा त्या दुसऱ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत होता; मुलाच्या लेखी अर्जावर तो मागवला, त्यावरून डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं आहेत की नाहीत हे तपासता येतं. आणि मुलाची व त्याच्या धाकट्या बहिणीची वेळ गॅस्ट्रोच्या ओपीडीत लावली. बहीण सव्वीसची. “तिचं लग्न ठरतंय, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “हे बाहेर कळलं तर?” मी म्हटलं, हे तुमच्या घरातच राहील, पण तपासणी टाळायची नाही. जाताना दुरुस्त होणारी प्रत कधी मिळेल ते त्याने विचारलं. काकांना दाखवायची होती.

तुकड्याच्या तपासणीत एक प्रथिन नव्हतं. पुढे रक्ताच्या चाचणीत दोष पक्का झाला; तो मुलामध्ये आहे, बहिणीमध्ये नाही. त्याच्या आतड्यात दोन पॉलिप सापडले, दोन्ही काढले, एकही कर्करोगाचा नव्हता. आता त्याची दरवर्षी कोलोनोस्कोपी होईल. मावशीने आपल्या मुलांना आणायचं कबूल केलंय. मामाची मुलगी बेळगावला दिलेली आहे, दोन लहान मुलांची आई; तिच्याशी तो स्वतः बोलला, आणि चवथीला माहेरी येईल तेव्हा तिचंही रक्त घ्यायचं ठरलं आहे.