एका दिवसाचे पान

आमच्या सोलापूरच्या घरात कडक भाकरीच्या डब्याशेजारी आईचे दैनंदिन मननाचे पुस्तक असते. मुखपृष्ठ केव्हाच गळून गेल्यामुळे त्याचे नाव आता कोणालाच सांगता येत नाही. जुन्या कॅलेंडरचा एक कागद वर घातला आहे, एवढेच. ठेवण मात्र पाठ झाली आहे : वर तारीख, तिच्याखाली पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, एखादे वचन, मग पाऊण पान चिंतन आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना. पाने 366, आणि दिवसाला एकच वाचायचे.

लहानपणी मला पुढचे पान उलटण्याचा मोह आवरत नसे, तेव्हा आईने बायबलातल्या निर्गम या पुस्तकातला मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, पुढे केला होता. रानात इस्राएल लोकांनी रोज सकाळी त्या दिवसापुरताच मान्ना गोळा करायचा होता आणि ज्यांनी तो उद्यासाठी राखला, त्यांच्या मान्नात किडे पडले. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती रोजचीच. हे खरे असले तरी, दिवसचे दिवस टिकणारी भाकरी डबा भरून ठेवणाऱ्या गावातल्या मुलाला ते सहज पटणारे नव्हते.

दिवसाला एक वचन ही रीत जुनी आहे. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी 1728 मध्ये मोरेवियन मंडळीत, म्हणजे एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथात, दिवसाचे वचन घरोघरी जाऊन सांगण्यास सुरुवात झाली आणि 1731 पासून वर्षभराची वचने छापून निघू लागली. त्यांतली जुन्या करारातली, म्हणजे बायबलाच्या पहिल्या भागातली, वचने आजही चिठ्ठ्या टाकून निवडतात. आईला हे सांगितले, तेव्हा तिला त्याचे काहीच नवल वाटले नाही, कारण नळाला पाणी आले की शेजारणीला दिवसाचे वचन ऐकवण्याचा तिचा परिपाठ कधीचाच आहे.

अशा पुस्तकांतले सगळेच मला रुचते असे नाही. अनुवादित चिंतनांत बर्फ फार पडतो. शेकोटीजवळ बसलेल्या कोणा आजोबांना अचानक देवाची आठवण होते, आणि ते आम्ही घामाने भिजलेल्या बोटांनी पान धरून वाचतो. दर दुःखाला परिच्छेदाच्या शेवटी उत्तर मिळते, हेही मला खटकते. बायबलातला स्तोत्रकर्ता तर देवाला ‘किती वेळ?’ असे विचारून कधीकधी तसाच ताटकळत राहतो.

आईचे पुस्तक मात्र तिनेच दुरुस्त केले आहे. मान्ना शिळा चालत नाही म्हणणारी ही बाई हे एकच पुस्तक वर्षानुवर्षे वाचते आणि समासात पेन्सिलीने साल घालून दोन शब्द लिहिते. एका पानावर ‘1999 पाणी नाही’, त्याखाली ‘2006 धाकटीचा निकाल’, त्याखाली ‘2013 पाणी नाही’. कडक भाकरी आमटीत कुस्करली की मऊ होते, तसे त्या वचनाचे दरवर्षी काहीतरी होत असावे.

29 फेब्रुवारीचे पान सर्वांत कोरे आहे. 2024 मध्ये ते मीच वाचून दाखवले, कारण तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. प्रार्थना संपल्यावर तिने पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, “लिही, मोतीबिंदू. उजवा.”