आमची वाटचाल : रिकाम्या घरांची सफाई, रत्नागिरी ते गणपतीपुळे

भाड्याच्या रिकाम्या घराची सफाई हे रोजच्या झाडू-पोछापेक्षा वेगळं काम आहे, हे रत्नागिरीत पटवण्यातच आमची सुरुवातीची वर्षं गेली. मालक मुंबईत, फ्लॅट नाचण्यात किंवा कुवारबावला, चावी एजंटकडे. भाडेकरूने घर सोडलं की एजंट वॉचमनला सांगायचा, वॉचमन कुणाला तरी गाठायचा, दोन तासांत फरशी पुसून व्हायची. नवा भाडेकरू आला की त्याच संध्याकाळी एजंटला फोन : बेसिनला पिवळे डाग आहेत, कपाट उघडलं की कुबट वास येतो, न्हाणीत पाणी तुंबतंय. हा फोन येऊ न देणं, हेच आमचं काम. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

एजंटची खरी अडचण डिपॉझिटची असते. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स संपतं, मालक म्हणतो पैसे कापा, भाडेकरू म्हणतो मी राहायला आलो तेव्हाच असं होतं, आणि दोघांच्या मध्ये एजंट उभा. म्हणून आम्ही कुठल्याच एजंटकडे दरपत्रक घेऊन गेलो नाही, नमुना अहवाल घेऊन गेलो. कुलूप उघडल्याबरोबर, एकही वस्तू न हलवता, प्रत्येक खोलीचे चार कोपरे, दारामागचा भाग, सिंकखालचं कपाट, गीझरची खालची बाजू, खिडकीचे ट्रॅक आणि वीजमीटरचं रीडिंग, असे तारीख-वेळ दिसणारे फोटो. काम संपल्यावर त्याच जागांवरून पुन्हा तेच फोटो. खाली किल्ल्यांची संख्या आणि कुठला डाग निघाला नाही, का निघाला नाही. नुकसान कुणी केलं यावर आम्ही एक अक्षर लिहीत नाही. तो निवाडा मालक आणि भाडेकरूचा. हे पथ्य पाळलं म्हणून दोन्ही बाजू आमचा अहवाल मानतात. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी हे पथ्य पहिल्या दिवसापासून पाळावं.

इथली घरं काय मागतात ते बाहेरच्याला कळत नाही. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असलं की कमोडला आणि बेसिनला तांबूस-पिवळे ओघळ पडतात. ते बघून लोक ब्लीचिंग ओततात. ब्लीचने लोहाचा डाग उलट पक्का बसतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं : लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम, हातात मोजे, दहा मिनिटं थांबून नायलॉन ब्रश, मग भरपूर पाणी. नळावरचा पांढरा थर मात्र क्षाराचा, त्याला सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवायचं. मार्बलवर या दोन्हींतलं काहीही चालत नाही.

लाल मातीचंही तसंच. जांभ्याची धूळ आधी कोरडीच उचलायची, व्हॅक्यूमने किंवा मऊ झाडूने. थेट ओला पोछा मारला की तिचा चिखल होऊन फरशीच्या सांध्यात बसतो आणि मग सांधा न् सांधा ब्रशने घासावा लागतो. आरे-वारे, गणपतीपुळ्याच्या बंगल्यांत मातीच्या जागी वाळू येते. पाहुणे समुद्रावरून थेट बाथरूममध्ये शिरतात, वाळू नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात, साचते. तिच्यावर ड्रेन क्लीनरची पुडी टाकणं म्हणजे पैसे पाण्यात; पुडीतल्या कॉस्टिकने वाळू विरघळत नाही, उलट पुडीतले दाणे अर्धवट भिजले तर त्यांचाच घट्ट गोळा होऊन बसतो. जाळी काढायची, आतली वाटी काढायची, हाताने वाळू उपसायची, वाटी परत बसवायला विसरायचं नाही. ती वाटी बाहेर राहिली की गटाराचा वास थेट घरात येतो आणि पाहुणा म्हणतो सफाई झालीच नाही.

आता २०२० बद्दल. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि पर्यटकांचे बंगले एका रात्रीत बंद झाले. शहरातले भाडेकरू आहेत तिथेच अडकले, त्यामुळे घरं रिकामी होईनात. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, दापोली-मंडणगडकडच्या घरांवरची छपरं उडाली, मालकांकडे जो पैसा होता तो कौलं-पत्र्यांवर गेला. सफाईसाठी कुणाकडे काय उरणार? आम्ही फरशी घासायचं सिंगल डिस्क मशीन तेवढं विकलं नाही. बाकी जे विकता येण्यासारखं होतं ते विकून पगार दिले. टीम टिकली ती त्यामुळे.

आणि जरा कुठे घरं हलायला लागली तेव्हा बाहेरून एक नवी पार्टी आली, आमच्या निम्म्या दरात. नाव घेत नाही. आमचे बहुतेक एजंट महिन्याभरात तिकडे वळले. त्यातल्या एकाने तर आम्हाला ऑफिसच्या दारातूनच, ‘तुमचे रेट आता चालायचे नाहीत’, म्हणून परत पाठवलं. आमच्या जुन्या बिलांची बाकी तेव्हा त्यांच्याचकडे होती.

निम्मा दर कसा परवडतो ते या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाटलीतलं साधं ॲसिड, एक खराटा, एक पाइप. बाथरूममध्ये ॲसिड शिंपडायचं, खराट्याने फिरवायचं, पाणी मारायचं, तासाभरात लखलखीत. व्हिट्रिफाइड टाइलला त्याने काही होत नाही, म्हणून फोटो सुंदर येतो. होतं ते सांध्यांना. सांध्यातलं सिमेंट ॲसिड खातं, दर सफाईला थोडं थोडं. शिवाय बंद घरात त्याच्या वाफा फिरत राहतात : नळाचं क्रोम काळवंडतं, स्टीलच्या बिजागऱ्या आणि कड्यांवर गंजाचे ठिपके येतात, आणि भाडेकरू म्हणतो खाऱ्या हवेने गंजलं. जुन्या मोझेक फरशीत तर मार्बलचीच खडी, तिची चमक पहिल्याच हाताला जाते. वर त्याच बाथरूममध्ये कुणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू तयार होतो. हे काम करणाऱ्या पोरांच्या छातीत जायचं, आणि त्यांना कुणी मास्कसुद्धा दिलेला नव्हता. आमचा सगळ्यात जास्त राग त्या गोष्टीवर आहे, अजूनही.

पुढच्या पावसाळ्यांत व्हायचं ते झालं. सांधे पोकळ झालेल्या बाथरूमचं पाणी खालच्या फ्लॅटच्या छताला ओल धरून उतरायला लागलं. सोसायट्यांत भांडणं, मालकांचे मुंबईहून फोन. तेव्हा दारातून परत पाठवणारे एजंट आमच्याकडेच आले. आम्ही काम घेतलं, पण जुनी बाकी चुकती केल्यावर. सांधे दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढले, व्हॅक्यूमने धूळ ओढली, पूर्ण वाळू दिले आणि सांधे भरायचं इपॉक्सी ग्राउट भरलं. हे ग्राउट थोडं थोडंच कालवायचं आणि भरल्याभरल्या टाइलवरचं पुसून घ्यायचं. एकदा पापुद्रा धरला की तो निघता निघत नाही. चोवीस तास पाणी बंद. पाणी उतरतच राहिलं तर दोष खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आहे, तिथे ग्राउट भरून पैसे घेऊ नयेत. आम्ही तसं सांगून दोन घरं सोडून दिली. एजंट नाराज झाले, मालक झाले नाहीत.

त्या काळात एक एजंट आमच्यापासून हलले नाहीत. मारुती मंदिराजवळ त्यांचं छोटं ऑफिस, सगळे त्यांना काकाच म्हणतात. काकांची पद्धत अशी की घर तपासायला येताना खिशातून पांढरा रुमाल काढायचा आणि फक्त तीन ठिकाणी फिरवायचा : पंख्याच्या पात्याच्या वरच्या बाजूने, फ्रिजच्या दाराच्या रबरात आणि स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये. रुमाल काळा झाला की, ‘चावी ठेवा तुमच्याकडेच, उद्या येतो’, एवढंच बोलायचे. आमची आजची तपासणी त्या रुमालातून आली आहे. ट्रॅकचं महत्त्व तर त्यांनीच शिकवलं. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती धुळीने बुजली की पावसाच्या झडीला ट्रॅक भरतो आणि पाणी आत भिंतीवर उतरतं. आम्ही आधी जुन्या टूथब्रशने गाळ सैल करतो, व्हॅक्यूमने ओढतो, भोकांतून तार फिरवतो आणि शेवटी तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का बघतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण भिंतीचा रंग वाचतो.

हत्यारांवर आम्ही जीव लावतो आणि त्याची लाज वाटत नाही. १७ इंची सिंगल डिस्क अजून तेच आहे. लाल पॅड रोजच्या घासणीला, काळं पॅड फक्त जुना थर उतरवायला. काळं पॅड पॉलिश केलेल्या फरशीवर लावणाऱ्याच्या हातात मशीन देऊ नये. मायक्रोफायबरची फडकी रंगांनी वेगळी : लाल कमोडला, पिवळं बेसिनला, हिरवं स्वयंपाकघरात, निळं बाकी घराला. ती एकत्र धुवायची नाहीत आणि कंडिशनर घालायचं नाही, नाहीतर पाणी शोषायचं थांबतात. अंगणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांवरचं शेवाळ काढायला मात्र माडाच्या हिरांच्या खराट्याला पर्याय नाही. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर चिरा झडतो. स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या जाळ्या आधी चुंबक लावून बघतो. चिकटलं तर गरम पाणी आणि कॉस्टिक चालतं. चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम समजून धुण्याचा सोडाही टाळायचा, नाहीतर जाळी काळी पडते; तिथे भांड्यांचा साबण आणि वेळ.

भिंतीवरची बुरशी कोरडी झाडू नये, सगळ्या खोलीत पसरते. आधी फवारून ओली करायची, एक भाग हायपोक्लोराइटला (पातळ ब्लीच, आम्ही हायपो म्हणतो) नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, खिडक्या उघड्या. डिस्टेंपरचा रंग उडतो म्हणून कपाटामागे वीतभर जागेवर आधी बघायचं. लाकडाला आणि वेताला हे लावायचंच नाही. हायपोचा कॅन उन्हात पडला की त्याचा जोर जातो, तेव्हा स्वस्त पडतो म्हणून मोठा घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

एजंटकडून काम मिळालं तरी पैसा मिळेलच असं नाही, म्हणून हे सांगतो. कामाआधी व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी घ्या : काम कुणाचं, बिल कुणाच्या नावावर, पैसे किती दिवसांत. मालकाच्या नावावर बिल असेल तर पैसे मालकाकडूनच घ्या. एजंट मध्ये आला की ते पैसे डिपॉझिटच्या हिशोबात अडकतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून तिचा नंबर बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. बंगले चालवणाऱ्या कंपन्यांना हा आकडा दाखवला की त्यांचा अकाउंटंट फोन उचलतो, कारण मुदत उलटून थकलेल्या बिलाचा खर्च त्यांना पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात धरता येत नाही.

एप्रिल-मेमध्ये सरकारी बदल्यांमुळे शहरातले फ्लॅट रिकामे होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत सुट्टीचे बंगले भरलेले असतात, अकराला एक कुटुंब बाहेर, एकला दुसरं आत. दोन्हीकडे एकच टीम पळवली की दोन्ही एजंट जातात. बंगल्याला चादरींचे तीन जोड लागतात : एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोनच जोड देणाऱ्या मालकाचं काम मे महिन्यात आम्ही घेत नाही, आणि हे त्याच्या एजंटला फेब्रुवारीतच सांगून ठेवतो.